माळ्यावरच्या तबकड्यांतले गाणे: लाखेच्या ध्वनिमुद्रिका जपण्याची आणि संगणकावर उतरवण्याची रीत

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत एखादे घर उतरवायला घेतले की माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी, कुणाच्या तरी लग्नातल्या तसबिरी आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेला काळ्या तबकड्यांचा गठ्ठा एवढे तरी हमखास खाली येते. भांड्यांना गिऱ्हाईक त्याच दिवशी मिळते आणि तसबिरी भाऊबंद वाटून घेतात. तबकड्यांचे काय करायचे हे मात्र कुणालाच ठाऊक नसते, कारण चावीचा फोनो कधीच मोडीत गेलेला असतो. अशा गठ्ठ्यात ख्याल-ठुमरी गाणाऱ्या एखाद्या मोठ्या गायकाची किंवा गायिकेची तबकडी निघाली, तर ती धुण्यापासून तिचे गाणे संगणकावर नीट उतरवून घेईपर्यंत काय काय करावे लागते, ते मी गेली काही वर्षे घरोघरच्या तबकड्या हाताळताना शिकत आलो आहे. ती सगळी रीत येथे क्रमाने मांडली आहे.

या गावाला हे काम जवळचे वाटावे याला कारण आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते. महाराजांच्या १९२२ मधील निधनानंतर ते मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये वारले. भारतात पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाले, म्हणजे खाँसाहेबांच्या आयुष्यातली चाळीसहून अधिक वर्षे तबकड्यांच्या काळात गेली. तरीही त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांची गायकी आज त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या ध्वनिमुद्रणांतून, किंवा खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ व भूर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यातून ताडावी लागते. इकडे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ तबकड्यांमुळे घरोघर पोचले, आणि १९२२ मध्येच कुरुंदवाडात वारलेल्या रहिमत खाँ यांचाही आवाज काही तबकड्यांत उरला. पन्नासेक किलोमीटरच्या टापूत एकाचा आवाज राहिला आणि दुसऱ्याचा राहिला नाही, हे ज्याच्या मनाला लागते तो हातातली तबकडी रद्दीत टाकत नाही.

आधी नुसते पाहावे

गठ्ठा खाली उतरवताना तो आडवा उचलू नये. वरच्या तबकड्यांच्या भाराने मधली एखादी तडकलेली असते आणि तिचे दोन तुकडे कागदी पाकिटात एकमेकांना चिकटून असतात. गठ्ठा हलला की ते घासतात आणि खाचांच्या कडा झडतात. एकेक तबकडी दोन्ही तळहातांनी कडेला धरून बाहेर काढावी. पृष्ठभागाला बोट लावू नये, कारण घामाच्या ओलाव्यावर बुरशी लवकर धरते. सर्वांत आधी प्रत्येक तबकडीचे आणि तिच्या पाकिटाचे, दोन्ही बाजूंनी, मोबाइलवर छायाचित्र काढावे. पाकिटावर दुकानाचा शिक्का, घरातल्या कुणाची सही किंवा खरेदीची तारीख असू शकते. पाकीट पुढे बदलावेच लागते आणि जुने फेकले गेले की त्यावरची माहितीही जाते.

मग तबकडी कशाची आहे ते ठरवावे. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी जड, ताठ आणि ठिसूळ असते, नखाने हलकेच टिचकी मारली तर कवेलू वाजल्यासारखा कडक आवाज येतो, आणि ती लाखेची असते. पुढच्या काळातली लाँग प्ले तबकडी प्लॅस्टिकची, हलकी आणि किंचित लवणारी असते. तिसरा प्रकार क्वचित सापडतो, पण तो ओळखता आला पाहिजे: कडेला किंवा मधल्या भोकापाशी ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो आणि वर काळ्या लॅकरचा थर असतो. ही कारखान्यात छापलेली तबकडी नसून थेट कोरलेली एकमेव प्रत असते. तिच्यावर पांढरी भुकटी आली असेल किंवा थराला भेगा असतील, तर तिला पाणीही लावू नये आणि सुईही. जाणकाराकडे नेईपर्यंत ती तशीच उभी ठेवावी.

तुटलेली तबकडीही टाकू नये. तुकडे जाड पुठ्ठ्यावर पसरून, एकमेकांना टेकू न देता, वेगळे ठेवावेत. झटपट चिकटवणारा गोंद वापरण्याचा मोह आवरावा, कारण सांध्यातून बाहेर आलेला गोंद खाचेत भरतो आणि मग ते गाणे कायमचे गेले.

धुणे

लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. आपल्याकडचा सुतार फर्निचरला पॉलिश करतो तेव्हा चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तबकडीत दगडाची बारीक पूड आणि काजळी बांधून ठेवणारी वस्तू तीच लाख असते. हे मला ठाऊक होते आणि तरीही पहिल्या वर्षी, मोबाइलची काच पुसायचा द्रव हाताशी होता म्हणून, एका नाट्यपदाच्या तबकडीची कड मी त्याने पुसली. कापसाचा बोळा काळा झाला, मला वाटले किती धूळ निघाली. ती धूळ नव्हती. आजही त्या तबकडीच्या सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांत पदाचे तोंड ऐकू येत नाही, नुसती फरफर येते. काचेचे द्रव, सॅनिटायझर, अत्तराचे फवारे, लाँग प्ले तबकड्यांसाठी विकले जाणारे बहुतेक तयार द्रव, या सगळ्यांत अल्कोहोल असू शकते. बाटलीवरचा मजकूर वाचल्याखेरीज काहीही लावू नये.

उष्णतेचेही तसेच आहे. गुजरीतल्या सोनाराला साजाच्या मण्यांत लाख भरताना पाहिलेल्या माणसाला ती किती कमी उष्णतेने मऊ होते हे सांगावे लागत नाही. म्हणून कोमट पाणीसुद्धा नको, उन्हात वाळवणे नको आणि केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत तर मुळीच नको. वाकलेली तबकडी उन्हात दोन काचांमध्ये ठेवून सरळ करण्याचा उपाय जुनी माणसे सांगतात. एकदा साधला तर दहादा फसतो, असा माझा तरी अनुभव आहे.

धुण्यासाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खाचेतच राहतात आणि सुईखाली तडतडतात. एक लिटर पाण्यात सुगंध व रंग नसलेल्या सौम्य साबणद्रवाचे चार-पाच थेंब पुरतात. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ झटकावी, नाहीतर पाण्याने तिचा चिखल होतो. लेबलावर पाणी जाऊ नये म्हणून त्याच्यापेक्षा थोडे मोठे वर्तुळ प्लॅस्टिकच्या झाकणातून कापून हाताने दाबून धरावे; जुन्या लेबलांची शाई फुटते आणि कागद सुटतो. ब्रश नेहमी खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवावा, आडवा कधीच नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्या की नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढावा, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्यावे, आणि भांड्यांच्या जाळीत तबकडी उभी करून सावलीत रात्रभर वाळू द्यावी. तबकडी पाण्यात भिजत ठेवू नये.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथल्या तबकड्यांची गोष्ट वेगळी आहे. खाचेत वाळलेला गाळ घासून काढायला गेले तर त्यातली वाळू खाचेवर कानशीसारखी चालते. अशी तबकडी कोरड्या ब्रशने मुळीच झटकू नये. आडवी धरून तिच्यावर पाण्याची हलकी धार सोडावी, गाळ आपोआप सैल होऊन वाहू द्यावा, हे तीन-चार वेळा करावे आणि मगच ब्रश लावावा. एका घरातल्या अशा तबकड्यांची पाकिटे तबकडीला चिकटून कागदाचा लगदा झाली होती. तो लगदा ओढून न काढता थोडा थोडा ओला करत बोटाने लोळवून काढला, त्याला दोन दिवस लागले, आणि अकरापैकी नऊ तबकड्या वाजल्या.

वाजवण्यासाठी काय लागते

घरात चावीचा फोनो चालू अवस्थेत असला तरी जी तबकडी उतरवून घ्यायची आहे ती त्यावर वाजवू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचा, भार खूप असतो, आणि तबकडीतली दगडाची पूड पोलादी पिन झिजवते. झिजलेल्या पिनेची कड मग खाच कोरते. एका पिनेने एकच बाजू वाजवावी, हा त्या काळचा नियम उगाच नव्हता, आणि आपल्या घरांत तो किती पाळला गेला हे तबकडीवरच्या करड्या पट्ट्यांवरून कळते.

आपल्याला विजेवर चालणारी टर्नटेबल हवी. सुटकेससारख्या स्वस्त यंत्रांवर ७८ चा आकडा लिहिलेला असतो, पण त्यांची सुई लाँग प्लेची असते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्यामुळे ती बारीक सुई तळाशी जाऊन बसते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि पिनेचा कीस साठलेला असतो. ७८ साठी सुमारे तीन मिलच्या, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांशाच्या टोकाची वेगळी सुई मिळते. लाँग प्लेची सुई साधारण एक मिलची किंवा त्याहून बारीक असते. सुईचा भार तिच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुधा तीन ते पाच ग्रॅमच्या दरम्यान ठेवावा. योग्य सुई लावल्यावर खरखर निम्म्याने कमी झाली असे वाटते, आणि हा फरक नंतर संगणकावर कितीही कष्ट घेऊन मिळत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी सुईवर करावेत.

आवाज वाढवणाऱ्या फोनो प्रीॲम्पबद्दल एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आजचे बहुतेक प्रीॲम्प लाँग प्लेसाठी ठरलेल्या आरआयएए नावाच्या प्रमाणानुसार खालचे स्वर वाढवतात आणि वरचे दाबतात. हे प्रमाण १९५४ च्या सुमारास रूढ झाले, तर आपल्या तबकड्या बहुतेक त्याआधीच्या आहेत. १९२५ च्या आधीचे ध्वनिमुद्रण तर विजेशिवाय होत असे: गायक एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गाई आणि त्या आवाजाच्या जोरानेच मेणावर खाच उमटे. अशा तबकडीला कोणतेच विद्युत् प्रमाण लागू होत नाही. आरआयएएमधून गेलेल्या जुन्या तबकडीचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो तो यामुळे. उपाय असा की एकतर असे प्रमाण न लावणारा प्रीॲम्प मिळवावा, किंवा साध्या प्रीॲम्पमधून उतरवून घेतल्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरमध्ये आरआयएएची उलटी वक्ररेषा लावून तो परिणाम पुसावा. विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या काळातल्या एचएमव्हीच्या तबकड्यांना त्यानंतर सुमारे २५० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उचलून दिला की तबल्याच्या बायाला अंग येते.

वेग, म्हणजेच षड्ज

या कामात ज्याला संगीताचा कान आहे त्याचा उपयोग येथे होतो, आणि बहुतेक लोक नेमका हाच टप्पा घाईने उरकतात. ७८ हा आकडा पुढे रूढ झालेला आहे. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा वेग त्याच्या बराच अलीकडे-पलीकडे असे. वेग सहा टक्क्यांनी चुकला की गाणे अख्ख्या एका पट्टीने, म्हणजे पेटीच्या लगतच्या स्वरावर, सरकते. म्हणजे ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित झालेले गाणे ७८ ने वाजवले तर काळी एकमध्ये गाणारा बुवा पांढरी दोनमध्ये जातो, त्याची तान आहे त्याहून चपळ होते आणि आवाज चिरका लागतो. जुन्या गवयांचे आवाज बारीक होते असे म्हणणाऱ्यांनी एकदा हे तपासून पाहावे.

आधी टर्नटेबलचा स्वतःचा वेग पक्का करावा. ७७ पट्ट्यांची स्ट्रोबोस्कोप चकती छापून फिरत्या टर्नटेबलवर ठेवली आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहिली, की ५० हर्ट्झच्या विजेवर पट्ट्या स्थिर दिसल्या म्हणजे वेग ७७.९२ आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, मिनिटाला सहा हजार वेळा, आणि त्याला ७७ ने भागले की हा आकडा येतो. एलईडी दिव्याखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली हा खेळ बहुधा जमत नाही. तशा वेळी टर्नटेबलच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून मिनिटभर चित्रफीत काढावी आणि संथ गतीने फेऱ्या मोजाव्यात.

त्यानंतर गाण्याचा वेग. समजा, हार्मोनियमची साथ असलेली एक तबकडी आपण बरोबर ७८ ने वाजवली आणि घरातल्या पेटीशी किंवा मोबाइलवरच्या ट्यूनरशी ताडून पाहिली, तर गायकाचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या नेमका मध्ये पडला. हार्मोनियम पट्ट्यांच्या मध्ये वाजू शकत नाही, म्हणजे वेग चुकला आहे. अर्धी पट्टी म्हणजे सुमारे तीन टक्के. तेव्हा खरा वेग एकतर ७५.८ असेल आणि गायक काळी एकमध्ये असेल, किंवा ८०.३ असेल आणि तो पांढरी दोनमध्ये असेल. आता दोन्ही वेगांनी पुन्हा ऐकावे. त्याच गायकाच्या दुसऱ्या, नंतरच्या काळातल्या तबकडीतला षड्ज ठाऊक असला तर निर्णय सोपा होतो. नसला तर बोलांकडे कान द्यावा: ‘स’ आणि ‘श’ यांचा घर्षणाचा आवाज, श्वास घेतल्याची चाहूल आणि तबल्याच्या चाटेचा कडकपणा वेग वाढला की लगेच कृत्रिम होतो. जुन्या पेट्या आजच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे हा हिशेब दोन-चार दशांशांचा नव्हे, अर्ध्या-पाव पट्टीचा मानावा. निर्णय कोणताही झाला तरी तो वहीत कारणासह लिहावा, म्हणजे उद्या अधिक जाणता माणूस आला तर तो तपासून बदलू शकेल.

केसरबाईंच्या भैरवीचे ‘जात कहाँ हो’ हे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले, हे अनेकांना माहीत असते. त्या सोनेरी तबकडीच्या वेष्टनावर ती किती वेगाने फिरवावी हेही खुणांनी कोरलेले आहे. आमच्या कंपन्यांनी लेबलावर तेवढे छापले असते तर हा सगळा खटाटोप वाचला असता.

७८ चा वेगच नसलेली टर्नटेबल असली तरी अडत नाही. तबकडी ४५ ने वाजवून उतरवून घ्यावी आणि ऑडॅसिटीत वेग ७८ भागिले ४५, म्हणजे १.७३३ पट करावा. मात्र आरआयएए पुसायचे असेल तर ते वेग बदलण्याच्या आधी पुसावे, कारण प्रीॲम्पने ते ४५ च्या वेगाने चाललेल्या आवाजाला लावलेले असते. वाकलेल्या किंवा तडकलेल्या तबकडीला हा संथ वेग उलट मानवतो. सुई उड्या मारत नाही.

उतरवून घेणे

मुद्रण वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर करावे. तबकडी एकाच वाहिनीची असली तरी स्टीरिओत उतरवावी. खाचेला दोन भिंती असतात आणि पूर्वीच्या झिजलेल्या पिनेने बहुधा एकच भिंत अधिक खराब केलेली असते. दोन्ही वाहिन्या हाताशी असल्या तर चांगली निवडता येते, किंवा दोन्ही एकत्र करून सुईच्या वर-खाली हालचालीचा आवाज वजा करता येतो. दहा इंची तबकडीची बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असते आणि अशा मुद्रणाला मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट लागतात. शंभर तबकड्यांच्या दोनशे बाजू २५ जीबीत मावतात, आणि एवढी जागा आता स्वस्त पेन ड्राइव्हमध्येही असते. त्यामुळे जागा वाचवण्यासाठी थेट एमपीथ्री करण्याला काहीच अर्थ नाही.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या तानेलाही कमाल मर्यादेच्या सहा डेसिबल खाली राहील अशी ठेवावी. सुई ठेवण्याआधी मुद्रण सुरू करावे आणि गाणे संपल्यावरही सुई आतल्या वर्तुळात जाईपर्यंत चालू ठेवावे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या नुसत्या खरखरीचा नमुना पुढे कामाला येतो. शिवाय अगदी जुन्या तबकड्यांवर गाणे संपल्यावर गायिका स्वतःचे नाव सांगते. गौहरजानची ती घोषणा प्रसिद्धच आहे. त्या वेळी तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे, म्हणून ती सोय होती. गाणे संपले म्हणून आपण मुद्रण थांबवले तर नेमके तेवढेच कापले जाते.

हे मूळ मुद्रण म्हणजे पक्की प्रत. तिच्यावर काहीही करू नये, तिला हात लावू नये. वेग, इक्वलायझर, सफाई हे सगळे तिच्या नकलेवर करावे.

खरखर किती काढावी

येथे माझे मत थोडे कडक आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात माझ्या परिचितांनी आपल्या तबकड्या उतरवायला दिल्या होत्या. परत आलेला आवाज इतका स्वच्छ होता की पहिल्या क्षणी सगळे खूश झाले. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की तानपुरा नाही. मागे जो अखंड गुंजारव होता तो यंत्राने खरखर समजून पुसून टाकला होता, आणि गायकाचा आवाज रिकाम्या टाकीत गायल्यासारखा उरला होता. आलापात स्वर सुटतो तेव्हा त्याच्या मागे राहणारी आसही गेली होती. मूळ प्रत मागितली तर ती ठेवलेलीच नव्हती.

म्हणून टिकटिक आणि तडतड, म्हणजे क्षणिक आवाज, काढावेत. मोठे तडाखे ऑडॅसिटीत तरंगाचे चित्र मोठे करून एकेक हाताने दुरुस्त करावेत, यंत्राच्या भरवशावर सोडू नयेत, कारण तबल्याची चाट आणि तबकडीचा तडा यांतला फरक त्याला कळेलच असे नाही. सलग खरखर मात्र फार तर पाच-सहा डेसिबलने खाली आणावी आणि तिथेच थांबावे. नंतर एक परीक्षा घ्यावी: काढून टाकलेला भाग वेगळा ऐकता येतो, तो ऐकावा. त्यात नुसते वाळू पडल्यासारखे ऐकू आले तर ठीक. त्यात गाण्याचे बोल किंवा तंबोऱ्याची चाहूल लागली तर आपण गाणेच काढतो आहोत. कानाला खरखरीची सवय दोन मिनिटांत होते, पावसात पत्र्याखाली बसून गप्पा मारतो तशी.

वही

प्रत्येक बाजूची नोंद वेगळी करावी. लेबलावर जे आहे ते जसेच्या तसे, चुकांसकट उतरवावे: नावाआधीची मिस, मास्टर, प्रोफेसर, बाई ही उपाधी, रागाचे छापलेले नाव, तालाचे नाव, कंपनी आणि क्रमांक. आपल्याला पटलेले खरे नाव दुसऱ्या रकान्यात लिहावे. लेबलावरचा राग चुकलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि राग कळला नाही तर चिजेचे तोंड लिहावे, अंदाजाने राग ठोकून देऊ नये. देवल क्लबच्या मैफली ऐकत ज्यांचे कान तयार झाले अशी माणसे या गावात आहेत. त्यांच्याकडे चहाला जाऊन तीन मिनिटे ऐकवली की अनवट रागाचाही उलगडा पुष्कळदा होतो, आणि जोडीला दोन आठवणी मिळतात त्या वेगळ्याच.

लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांक विसरू नये. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात आणि तो त्या विशिष्ट गायनाचा असतो, तर लेबलावरचा क्रमांक विक्रीचा असतो. तेच गाणे पुढे दुसऱ्या लेबलाखाली पुन्हा निघाले तर विक्रीचा क्रमांक बदलतो, मॅट्रिक्स बदलत नाही. दिसत नसेल तर दिवा बाजूने तिरपा धरावा. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी अशा याद्यांचे मोठे काम केले आहे. कुणाशी पत्रव्यवहार करायचा झाला तर हे दोन क्रमांक दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

फाइलचे नाव साधे असावे: आपला अनुक्रमांक, बाजू आणि मॅट्रिक्स क्रमांक. गायकाचे नाव फाइलीत घातले की कुणी ‘केसरबाई’ लिहितो, कुणी ‘केशरबाई’, आणि शोधताना दोन्ही सापडत नाहीत. प्रती तीन कराव्यात, त्यातली एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको.

माळ्यावर स्पूल टेपही निघाल्या, तर त्या खासगी मैफलींच्या असण्याचा संभव अधिक आणि म्हणून मोलाच्याही. व्हिनेगरसारखा वास येत असेल किंवा फीत एकमेकांना चिकटत असेल तर घरच्या यंत्रावर एकदाही चालवू नये. गुरुग्रामच्या आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीसारख्या संस्थांकडे त्यासाठी लागणारा अनुभव आहे.

इतरांना ऐकवताना

आपल्या तबकडीची आपल्यासाठी प्रत करणे वेगळे आणि ती इंटरनेटवर चढवणे वेगळे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५० मध्ये निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. पारंपरिक बंदिशीचा प्रश्न येत नाही, पण नाट्यपद असेल तर ते लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे चालतो. खासगी मैफलीची टेप प्रकाशितच झालेली नसते, तेव्हा गायकाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती बाहेर देऊ नये, मग कायदा काहीही म्हणो.

परत ठेवणे

काम झालेली तबकडी जुन्या पाकिटात परत घालू नये. आम्लविरहित कागदाचे नवे पाकीट करावे आणि जुने वेगळ्या फाइलीत ठेवावे. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, अगदी ताठ, कलती नाहीत, आणि दहा इंची व बारा इंची वेगवेगळ्या. लहान-मोठ्या मिसळल्या की मोठीच्या अर्ध्याच भागावर भार येतो आणि ती वाकते. खोके भरले की जड होते, म्हणून एकात पंचवीसच्या वर घालू नयेत. जमिनीवर नको, माळ्यावरही नको, कारण पत्र्याखालचा माळा एप्रिल-मे महिन्यांत तापतो. आतल्या खोलीतल्या, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम. डांबराच्या गोळ्या तबकड्यांच्या खोक्यात टाकू नयेत.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की या काळात खोकी वारंवार उघडू नयेत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या गुलाबी झाल्या की बदलाव्यात. पाऊस सरला, दसरा जवळ आला, की एकेक तबकडी बाहेर काढून प्रकाशात तिरपी धरावी आणि पांढुरकी जाळी दिसते का पाहावे. दिसली तर तेवढी पुन्हा धुवावी. खंडेनवमीला पेटी-तबल्याबरोबर फोनोची पूजा करण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. फोनोला हळद-कुंकू जरूर लावावे, पण तबकडीच्या लेबलावर बोट टेकवू नये: हळदीचा डाग कागदावरून जात नाही आणि कुंकवाचे कण खाचेत बसले की पुढच्या वर्षी ते सुईखाली ऐकू येतात.